सगळ्याच कॅसेटी नापास

"ह्या सगळ्या घेऊन जा, डॉक्टरम्मा. तुम्हाला नको असल्या तर खाली जुनंपुराणं घेणारा येतो, त्याला द्या."

राव सर पलंगाच्या कडेला बसून बोलत होते. पुढ्यात पुठ्ठ्याची दोन खोकी. एक भरून झालं होतं, दुसरं भरत होतं. उजव्या हाताने एकेक कॅसेट उचलायची, तिच्याकडे न बघता खोक्यात टाकायची. डावा हात मांडीवर पडलेला. मी दारात चप्पल काढून आत आले होते, पिशवी अजून खांद्यावरच होती, आणि खरं सांगते, मी भांडायच्या तयारीने आले होते. कारण आधीच्या दोन्ही वेळेला ह्या माणसाने मला "आज थकवा आहे" म्हणून दारातून परत पाठवलं होतं. पण ती खोकी बघितली आणि भांडण विसरलेच.

ज्या कॅसेटींना ते बायकोलाही हात लावू देत नसत, त्या भंगारात चालल्या होत्या.

मी फिजिओथेरपिस्ट. पक्षाघात झालेल्या माणसांना परत उभं करायचं, चालवायचं, हे माझं काम. क्लिनिकमध्ये सकाळची ड्यूटी आणि दुपारनंतर पेशंटच्या घरी व्हिजिट. माझं माहेर मिरज. लग्न होऊन चेन्नईला आले ती इथलीच झाले. मिरज म्हटलं की इथले गाणारे लोक लगेच खुलतात, तंबोरे तिथलेच ना, म्हणतात. तिथलेच. पण तंबोऱ्याच्या दुकानांवरून शाळेत जाणं एवढाच माझा सुरांशी संबंध. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला विचारायला नको की तुला कसं कळलं नाही.

राव सर तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांच्या पूर्वजांना तिकडे जाऊन इतक्या पिढ्या झाल्या की त्यांचं मराठी बखरीतून उठून आल्यासारखं वाटतं आणि चाल मात्र तमिळ. "मजला", "जाहलं" असे शब्द ते सहज बोलतात आणि वाक्य संपवताना "सरी" म्हणजे बरं म्हणतात. श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये दोघं नवरा-बायको. बायकोला मी मामी म्हणते, इथे तशीच पद्धत आहे. मुलगी वसुधा शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये, शनिवार-रविवार येऊन-जाऊन असते.

एका सकाळी आंघोळीला जाताना सरांची डावी बाजू गेली. मेंदूच्या उजव्या भागातली रक्तवाहिनी तुंबली होती. हॉस्पिटलमधून घरी आले ते माझ्याकडे सोपवले गेले.

आता ह्या दुखण्यातली एक गोष्ट सांगते. पायात ताकद येणं वेगळं आणि चालणं वेगळं. चालण्याला ठेका लागतो. धडधाकट माणसाचा मेंदू तो ठेका आतल्या आत धरतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. पक्षाघातात तो ठेकाच हरवतो. एक पाऊल झटकन पडतं, दुसरं हवेत रेंगाळतं. मग आम्ही ठेका बाहेरून देतो. टक-टक वाजणारं एक छोटं यंत्र असतं, मेट्रोनोम म्हणतात, ते लावायचं आणि त्या टकटकीवर पाऊल टाकायला लावायचं. कान ऐकतो, पाय मागून जातो.

सरांनी माझं यंत्र पहिल्याच दिवशी बंद करायला लावलं. म्हणाले, "असला आवाज मी पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये उभा जन्म ऐकला. आता पुरे." मग मान वळवून कपाटाकडे बघितलं. "गाण्यात ताल असतो की. त्यावर चालतों."

असा त्या कॅसेटींचा आमच्या कामात प्रवेश झाला. कपाटभर होत्या. नादस्वरमच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या सनईच्या होत्या, जुन्या तमिळ सिनेमांच्या होत्या, त्यांच्याकडच्या भजनी मंडळींनी गायलेल्या अभंगांची एक होती, आणि सगळ्यांत लाडकी एक व्हायोलिनची. वसुधाने फोनवर सगळं गाणं मिळतं असं किती वेळा सांगितलं असेल. एक बोलणारा स्पीकरही आणून दिला होता. तो टीव्हीशेजारी विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवला होता. सरांचं म्हणणं, अल्बम हा अल्बमसारखा ऐकायचा. कलाकाराने ज्या क्रमाने वाजवलं त्या क्रमाने, एक बाजू संपली की उठून उलटायचं. मधलंच एक गाणं तोडून ऐकणं म्हणजे ताटातला फक्त पापड खाऊन उठणं.

मला काय, पाय उचलल्याशी मतलब. मी त्यांच्या टू-इन-वनचं, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्राचं, बटण दाबायला शिकले. सर बाहेरच्या देशात ट्रेनिंगला गेले होते तिथून आणलेलं ते यंत्र, चांगलं वजनदार. पहिली बाजू पलंगावरच्या व्यायामाला, दुसरी बाजू चालण्याला. व्हायोलिनच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला मृदंगाचा ठेका अगदी स्वच्छ होता, मलासुद्धा कळेल असा. पलंगापासून हॉलमधून बाल्कनीच्या दारापर्यंत आमची वाट. शेवटी मृदंग एकटाच जोरात वाजायला लागतो, नेमके तेव्हा सर बाल्कनीच्या दाराला हात लावायचे. रोज. मी टाळी वाजवायचे, मामी स्वयंपाकघरातून डोकावायच्या. मी गेल्यावरही दिवसभर यंत्र चालू असायचं. मामी म्हणाल्या होत्या, हे दुखणं आल्यावर घाबरून रात्र-रात्र जागे असायचे, गाणं लावलं की श्वास खाली येतो. एखाद्या बाईने माहेरचं नाव घ्यावं तसं ते त्या अल्बमांची नावं घ्यायचे.

त्या दिवसांत गप्पाही खूप झाल्या. मांडीचा व्यायाम करताना पेशंटला बोलतं ठेवावं लागतं, नाहीतर तो श्वास रोखून धरतो. सर कारखान्याचं सांगायचे. गेज म्हणजे काय ते मला त्यांनीच शिकवलं. यंत्रातून तयार होऊन आलेला पार्ट बरोबर मापाचा आहे का हे बघायचं साधन म्हणजे गेज. त्यात बसला तर पास, नाही बसला तर नापास. आणि त्यांचा एक नियम होता, तो ते नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगायचे. एक पार्ट नापास झाला तर पार्ट बघा. सकाळपासूनचे सगळेच नापास झाले तर आधी गेज बघा. ह्या नियमापायी त्यांनी एकदा अख्खी लाइन थांबवली होती आणि वरच्या साहेबांचा ओरडा खाल्ला होता. गेजच झिजलं होतं, हे नंतर सिद्ध झालं. हे सांगताना त्यांचा डावा ओठसुद्धा थोडा वर जायचा.

सगळं छान चाललं होतं आणि मग उतरती कळा लागली.

मी प्रत्येक व्हिजिटला स्टॉपवॉच लावते. तेवढ्याच अंतराला किती वेळ लागला ते बघायचं, आमच्या धंद्यात हे सगळ्यांत भरवशाचं माप. वेळ कमी व्हायला हवा. सरांचा वाढायला लागला. आधी वाटलं, उकाडा आहे, होतं असं. मग परत वाढला. चेहरा उतरला. गप्पा बंद झाल्या. गेजचा विषय मी मुद्दाम काढला तर हं-हं करून गप्प. पुढे तर पाऊल टाकताना दचकायला लागले, हॉलच्या मध्येच थांबायचे. पक्षाघाताच्या पेशंटचं सुधारता सुधारता असं उलटं व्हायला लागलं की आम्ही लगेच डॉक्टरांना गाठतो. ह्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो, आत दुसरा झटका येऊन गेलाय आणि कुणाला कळला नाही.

मी आमच्या सरांना, म्हणजे क्लिनिकच्या न्यूरोलॉजिस्टना कळवलं. त्यांनी तातडीने एमआरआय करायला लावला. रिपोर्ट स्वच्छ आला. नवीन काही नाही. मला वाटलं सुटलो, पण आमच्या सरांनी मान हलवली. म्हणाले, फार बारीक काही असेल तर दिसतही नाही, वेळ वाढतोय हे तर खरं ना? खरं होतं. माझंच स्टॉपवॉच सांगत होतं.

वसुधाने मग हालचाल केली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, एकुलती एक मुलगी, जीव टांगणीला लागलेला. ऑफिसजवळ वयस्कर लोकांसाठी एक जागा आहे, नर्स असते, व्हीलचेअर फिरेल असे दरवाजे आहेत, तिथे दोघांना न्यायचं तिने ठरवलं. एक खोली. खोलीत दोन पलंग आणि एक कपाट. राव सर कडाडून नाही म्हणतील अशी माझी खात्री होती.

आता परत त्या खोक्यांपाशी येते.

मी विचारलं, हे काय चाललंय. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यांनी वसुधाला हो म्हटलंय. चालायचं आता बंद. व्हीलचेअर उद्या यायची आहे.

मी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. ह्या माणसाने माझ्याकडून पाऊल-पाऊल भांडून मिळवलं होतं. आणि आमच्या कामात एक गोष्ट पक्की आहे, अशा पेशंटने ह्या टप्प्यावर चालणं सोडलं की पाय आखडतो, मग तो पाय परत मिळत नाही. आज बसले की कायमचे बसले. मी हे त्यांना सांगितलं. चांगलं खडसावून सांगितलं. मी अशी चिडते तेव्हा माझ्या तोंडून मिरज बाहेर पडतं. म्हटलं, अहो, पायात ताकद आलेली असताना कुठल्या डोंबलाच्या थकव्यापायी तुम्ही खुर्चीत बसताय?

त्यांनी हातातली कॅसेट खाली ठेवली. व्हायोलिनचीच होती. दाराकडे बघितलं, मामी ऐकत नाहीत ना म्हणून. मग हळू आवाजात म्हणाले, "पायाचं नव्हे, डॉक्टरम्मा. माझे कान गेले."

"ऐकू येत नाही?"

"ऐकू येतं की. सूर उतरला." त्यांनी उजवा हात छातीपासून थोडा खाली आणून दाखवला. "ही कॅसेट मजला पाठ आहे. कुठल्या जागी वादकानं श्वास घेतला तेही माहीत. ती आता खाली ऐकू येते. रोज थोडी खाली. जड, चिकट. ऐकवत नाही."

मी म्हटलं, कॅसेट जुनी झाली असेल. त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं.

"तेच आधी बघितलं. एक कॅसेट उतरली असती तर कॅसेट खराब म्हटलं असतं. दुसरी लावली. नादस्वरम लावलं. अभंग लावले. सगळ्या उतरल्या, एकाच मापानं. सगळेच पार्ट नापास, डॉक्टरम्मा. मग गेज कोण? मी."

त्यांनी ती कॅसेटही खोक्यात टाकली. "पोदुम," म्हणाले. "पुरे जाहलं. आधी हात नेला, मग पाय नेला. एवढं एक राहिलं होतं, तेही आतून सडायला लागलं. उद्या घरच्यांची तोंडंही मजला ओळखू येणार नाहीत. त्याच्या आधी एका जागी नीट बसलेलं बरं."

मी पंचवीस-तीस वर्षं हे काम करते. पेशंट रडतात, शिव्या देतात, वस्तू फेकतात, मला सवय आहे. पण हा माणूस कित्येक आठवडे हे एकट्याने गिळून बसला होता आणि रोज माझ्यासमोर त्याच गाण्यावर चालत होता, हे कळल्यावर मी खुर्ची सोडून त्यांच्या शेजारी बसले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बाल्कनीत जाऊन आमच्या सरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सगळी गाणी? नक्की सगळी?"

"सगळी म्हणतात."

"मेंदूची उजवी बाजू. सुराचं बरंचसं काम तिकडेच चालतं. बसतंय हे सगळं." मग म्हणाले, "उद्या घेऊन या. आणि तोवर चालवू नका. पडले तर निस्तरता येणार नाही."

म्हणजे डॉक्टरनेही तेच म्हटलं. फोन ठेवून मी खाली बघितलं. रस्त्यावर जुनंपुराणं घेणाऱ्याची गाडी खरोखरच आली होती.

मी स्वयंपाकघरात गेले. मामींना सांगणं भाग होतं, उद्या हॉस्पिटलला न्यायचं तर त्यांना कळायलाच हवं. मामी कॉफीचं डिकॉक्शन काढत होत्या. कसं सांगावं ह्या विचारात मी उगाच ओट्याशी उभी राहिले, तर त्याच बोलल्या. पाठमोऱ्याच.

"डॉक्टरम्मा, रागावू नका, एक सांगतें. तुम्ही त्यांच्या व्यायामासाठी गाणं हळू करून दिलं ना, तेव्हापासून ते खुशीत नाहीत. पहिल्यासारखं करून द्या की."

मला पहिल्यांदा नीट उमगलंच नाही. "मी काय करून दिलं?"

"गाणं. हळू केलंत ना, पाय जमावा म्हणून. सूर पार खाली गेला. मीही काही बोललें नाही, औषध आहे म्हटल्यावर काय बोलायचं? कडू असतंच."

बाई गं. मी म्हटलं, मामी, परत सांगा. तुम्हालाही गाणं उतरलेलं ऐकू येतंय? त्या वळल्या आणि मला वेड लागलंय की काय अशा नजरेने बघायला लागल्या. "न यायला काय झालं? मी काय बहिरी आहे? बघता-बघता उतरत गेलं. मला वाटलं, तुम्ही रोज थोडं-थोडं करताय."

मी गॅस बंद केला आणि त्यांना हाताला धरून अक्षरशः ओढत खोलीत आणलं. सर दचकले. मी म्हटलं, मामी, त्यांना सांगा मला काय सांगितलंत ते. मामींनी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. विश्वास मात्र बसला नाही, क्वालिटीचा माणूस तो. पुटपुटले, "ही माझ्यासाठी खोटं बोलेल. बायकोची साक्ष धरत नाहीत."

मग मामी देवघरात गेल्या आणि श्रुती बॉक्स घेऊन आल्या. तंबोऱ्यासारखा एक सूर धरून ठेवणारी ती विजेची छोटी पेटी, चेन्नईत गाणाऱ्यांच्या घरोघरी असते. मामी रोज सकाळी ती लावून गायच्या, पण सर आजारी पडल्यापासून त्यांनी ती गुंडाळून ठेवली होती. घरात माणूस असा पडलेला असताना आपण कसं गायचं, म्हणून. त्या घरात सरळ सूर धरणारी तेवढी एकच वस्तू होती आणि तीच बंद होती. मामींनी पेटीवरची धूळ पदराने पुसली, व्हायोलिनच्या कॅसेटची मूळ पट्टी त्यांना ठाऊक होती, तिथे खटका आणून ठेवला आणि बटण दाबलं. मी खोक्यातून कॅसेट काढून टू-इन-वनमध्ये घातली.

दोन्ही आवाज एकदम सुरू झाले आणि माझ्या दातांना कळ लागली. मला, जिला आरतीतसुद्धा सूर सापडत नाही. दोन म्हशी एका दारातून घुसायला बघताहेत असं काहीतरी चाललं होतं. कुणाच्याही कानाने सांगितलं असतं की हे दोन सूर एक नाहीत.

सरांनी डोळे मिटून ऐकलं. मग मामींकडे बघून विचारलं, "पेटी बरोबर?"

"पेटी कशी चुकेल?" मामी म्हणाल्या.

"माझ्या कानाला पेटी बरोबर लागते," सर म्हणाले. "ही माझ्या कानात आहे तीच पट्टी आहे. व्हायोलिन खाली आहे." आणि मग एकदम ताठ बसले. कित्येक आठवड्यांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. "मी गेज नव्हे. गेज ते आहे." उजवं बोट टू-इन-वनकडे.

मी स्टॉपवॉच हातात घेतलं आणि तेव्हा माझ्या डोक्यात जे चमकलं त्याने मी आणखीच हादरले. वेळ वाढत होता, हे खरं. पण मृदंग एकटा वाजायला लागला की सर बाल्कनीच्या दाराला हात लावायचे, हे मात्र कधीच बदललं नव्हतं. शेवटी दचकायला लागेपर्यंत तरी. म्हणजे ते मागे पडतच नव्हते. यंत्र मंदावत होतं आणि ते इमानाने त्याच्या ठेक्यावर पाऊल टाकत होते, जसं मीच त्यांना शिकवलं होतं. मी त्यांचा पाय मोजत नव्हते, टू-इन-वन मोजत होते. एमआरआय केला तो माणसाचा. यंत्राचं झाकण कुणी उघडलं नाही.

उघडलं ते सरांनी. स्क्रू मी फिरवले, सूचना त्यांच्या. आत मोटर आणि टेप फिरवणाऱ्या चाकाच्या मध्ये एक बारीक रबरी पट्टा असतो. तो ताणून ढिला पडला होता आणि बोटाला काळा डिंकासारखा चिकटला. चेन्नईची दमट हवा, आणि आजारपणात दिवसभर चालणारं यंत्र. आधीच्या कित्येक वर्षांत वाजलं नसेल एवढं ते ह्या काही महिन्यांत वाजलं होतं. ज्याने त्यांना धीर दिला तेच झिजत गेलं.

सर त्या काळ्या पट्ट्याकडे बघत हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. मामी मात्र हसल्या नाहीत. त्या पलंगावर त्यांच्या शेजारी टेकल्या आणि त्यांनी विचारलं, "मजला का नाही सांगितलं?"

"तुला काय सांगू? तू ऐकून म्हणाली असतीस, बरोबर तर आहे गाणं, तर मग मी काय केलं असतं?"

मामींनी त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "मी रोज चुलीपाशी तेच ऐकत होतें. उतरलेलं."

मला तिथे उभं राहवेना. मी बाल्कनीत जाऊन आमच्या सरांना परत फोन केला. रबरी पट्ट्याचं सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे उद्याची अपॉइंटमेंट रद्द करायची का?" मी म्हटलं, पेशंटची रद्द करा, यंत्राला वेळ देता का बघा. ते हसले नाहीत. त्यांनाही धक्का बसला असावा.

वसुधा दुसऱ्या दिवशी ऑफिस सोडून रिची स्ट्रीटला गेली. इलेक्ट्रॉनिक्सची सगळी दुकानं तिथे आहेत. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे त्या मापाचा पट्टा मिळाला. व्हीलचेअर आली तशी परत गेली, त्या खोलीचा बेतही रद्द झाला. वसुधाला हे सगळं पटायला वेळ लागला, ती पुन्हा पुन्हा इंग्रजीत विचारत होती की इतके दिवस घरात कुणीच काही बोललं कसं नाही. तिने रुमालाखालचा स्पीकर एकदा जरी लावला असता तरी कळलं असतं, हे मी तिला सांगितलं नाही. लावू कुणी दिला असता?

आता चमत्कार झाला असं कुणी समजू नका. नवा पट्टा घालून पहिल्या दिवशी व्हायोलिन लावलं तेव्हा सरांना तो ठेका झेपलाच नाही. हळू गाण्याची पायाला सवय झाली होती, वर भीतीने घालवलेले दिवस होते. मृदंग सुरू झाला तेव्हा ते अजून हॉलच्या मध्यावर, टीव्हीसमोर होते. पण थांबले नाहीत. गाणं संपलं, कॅसेट नुसतीच फिरत राहिली आणि ते शांततेत बाल्कनीपर्यंत गेले. बाल्कनीचं दार परत मृदंगाला गाठायला बरेच महिने लागले. आजही काठी लागते. डाव्या हाताने शर्टाचं बटण लागत नाही, ते मामी लावतात.

कारखान्यात प्रत्येक गेजवर एक छोटा स्टिकर असतो, शेवटचं कधी तपासलं आणि पुढे कधी तपासायचं ते सांगणारा. सरांनी तसा एक टू-इन-वनवर चिकटवलाय. महिन्यातून एकदा मामी श्रुती बॉक्स लावतात, सर कॅसेट लावतात, दोघं कान देऊन ऐकतात आणि मगच नवी तारीख पडते. पेटी बाहेर आलीच आहे म्हणून मामी रोज सकाळी परत गायला लागल्या. मी गेले की माझं स्टॉपवॉचही मागून घेतात, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघतात. माझ्या स्टॉपवॉचलाही आता स्टिकर आहे. पहिल्यांदा मला राग आला होता.

तेव्हापासून मी एक बदल केला. पेशंट मागे पडायला लागला की आधी त्याच्या बुटांपासून खुर्चीच्या पायापर्यंत सगळ्या निर्जीव वस्तू तपासते. आणि मग घरातल्या प्रत्येकाला, एकेकट्याला गाठून, एकच प्रश्न विचारते. इथे काही बदललंय असं तुम्हाला वाटतंय का? बहुतेक वेळा वाटत असतं. बहुतेक वेळा ते दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नसतं.